हातचा

डोलोरेस काचमारेकच्या फंडाचं नाव
एक साल आहे : दोन हजार पंचवीस.
टोलेडोच्या बाटल्यांच्या कारखान्यात
जेवणाच्या सुट्टीत फॉर्म आला होता,
कधी थांबणार? पुढे चौकटी.
डाव्या हातात सँडविच धरून
तिनं एकीवर खूण केली.
तेव्हा ते साल इतकं लांब होतं
की तोवर मोटारी उडतील असं वाटायचं.

तुझ्या आडनावातच काच आहे आमच्या भाषेत,
मी सांगितलं एकदा. ती म्हणाली,
आमच्या म्हाताऱ्यांच्या भाषेत खानावळवाल्याचा पोरगा.
आणि पाव पुढे सरकवला.

एकतीस वर्षं बाटल्या उजेडाकडे धरून बघितल्या.
तडा, बुडबुडा, वाकडी मान.
दर पगारातून सहा टक्के.
दोन हजार आठच्या मंदीत लिफाफा आला
तो न उघडताच पिठाच्या डब्याखाली सारला.
गुंतवणुकीचं तेवढंच तिचं शहाणपण,
आणि नेमकं तेच कामी आलं.

फंड तिच्यासोबत म्हातारा होत गेला.
दरवर्षी थोडे शेअर कमी, थोडे बॉण्ड जास्त,
जिना उतरताना कठडा धरावा तसा.
तिच्या गुडघ्यांबद्दल
कुणी सांगितलं नव्हतं त्याला.

मग कॅमेरे आले, न मिटणाऱ्या डोळ्यांचे.
पाळीवर तिघी होत्या, मग एक, मग कुणीच नाही.
निरोपाचा केक चांगला होता.

रविवारी चर्चनंतर भाचा रेमंड लॅपटॉप उघडतो.
मावशी, बघ तरी किती वाढलाय!
सगळा बाजार म्हणे चार-सहा कंपन्यांच्या खांद्यावर,
यंत्रांना विचार करायला शिकवणाऱ्या.
त्यांतल्याच एकीची चिप आहे त्या कॅमेऱ्यांत.
मग मी मालकीण त्यांची?
नखाएवढी, मावशी.
मग नखाएवढं सांग त्यांना,
हिरव्या काचेतला बुडबुडा
ऊन तिरपं झाल्यावरच दिसतो.

रेमंड सोनं म्हणतो, बिटकॉइन म्हणतो,
व्याजदर उतरायच्या आत काहीतरी कर म्हणतो.
ती म्हणते, अंडी. घराचा विमा.
छपरावाल्याचं तिसरं पत्र.

शेवटी कॅल्क्युलेटर विचारतो :
किती वर्षांपर्यंत जगणार?
अदबीनं, शर्टाचं माप विचारावं तसं.
आई एक्क्याऐंशी. वॉल्ट अठ्ठावन्न.
ती एक्क्याऐंशी टाकते. रेघ हिरवी, वर थोडे उरतातही.
नव्वद टाकते. पिवळी.
पंच्याण्णवला लाल होते रेघ,
आणि खाली बारीक अक्षरांत
दीर्घायुष्य, जोखमींच्या यादीत.
जन्मभर वाढदिवसाला मिळालेल्या शुभेच्छा
ती मनातल्या मनात मोजून बघते.

सिस्टर बर्नाडीन शाळेत शिकवायच्या,
हातचा बाजूला लिहा, बारीक, पेन्सिलीनं,
तो विसरलात की उत्तर चुकलंच.

चौकटीत ती सत्त्याऐंशी लिहिते.
लिफाफ्याच्या पाठीवर, कडेला, एक.
हा एक कशाचा, रेमंड विचारतो.
तिनं कॉफीचा रिकामा ग्लास
खिडकीच्या उजेडाकडे धरलेला आहे.
थांब जरा, म्हणते,
बघू दे.