दहा-अकराचा पाना

फियाट आणली तेव्हा आईनं विचारलं, "चालती का?"
म्हणलं, वाजती.

जालन्यात भंगाराला रस्ता पाठ आहे:
ट्रकनं येतं, भट्टीत उतरतं, सळई होऊन निघून जातं.
हिचाही काटा झाला होता.
किलोचा जो भाव निघाला त्यावर दोन हजार चढवले
आणि ढकलत घरी आणली.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत तेवीस वर्षं मी ब्युरेट धुते.
थेंब कधी लोंबतो, कधी सुटतो, हाताला कळतं;
म्हणून कार्बोरेटरची भीती नाही वाटली.
जेटमध्ये तार घालायची नाही, नुसतं फुंकायचं,
ही अक्कल पिपेटनंच दिलेली.
वॉटर पंपाचं गॅस्केट मिळेना
तर चुलतभावाच्या लग्नपत्रिकेचं कापलं.
सोनेरी गणपती आत गेला. पाणी अजून गळत नाही.
लग्न तेवढं टिकलं नाही.

डायनॅमो काढून मारुतीचा अल्टरनेटर बसवला.
पट्टी वाकडी कापली गेली, परत कापली, मग बोट कापलं.
गल्लीतला एक पोरगा बोनेटला टेकून म्हणाला,
"मॅडम, कामून एवढं? नवी घ्या ना हप्त्यावर."
त्याला टॉर्च धरायला लावली.

तरी डाव्या दाराचा आवाज जाईना.
खड्ड्यात खण्ण. वळणावर खण्ण.
बिजागरी बदलली, रबर चिकटवलं,
दिवाळीच्या सुट्टीत शेवटी दार आतून उघडलं.
काच जिथं खाली उतरते त्या पोकळीत
एक गोटी, संत्र्याच्या गोळीचा कागद,
आणि तळाला, गंजाच्या भुकटीत, पाना.
दहा-अकराचा.
दांड्यावर पंचनं ठोकलेले ठिपके. पुसले तर नाव निघालं:
जिलानी.

जिलानी मिस्त्री सापडले कादराबादेत,
नातवाच्या चपलांच्या दुकानात, गल्ल्यामागं.
डोळे दुधाळ झालेले.
पाना हातात दिला. ठिपक्यांवरून अंगठा फिरला,
उलटा, मग सुलटा.
"कुठं व्हता?"
"फियाटच्या दारात."
एक गिऱ्हाईक आठ नंबर मागत उभं होतं,
मागतच राहिलं.
"याच्यापायी पोराला मारलं मी," मिस्त्री म्हणाले.
"फॅन बेल्टनं. चोर म्हणून हाकललं.
भुजंग नाव. बारा वर्षांचं व्हतं."
मग म्हणाले, "गाडीत जागा हाय?"

वाटूरच्या पुढं ऊन चढलं,
पंपात पेट्रोलची वाफ धरली, गाडी बसली.
मी ओलं फडकं पंपावर टाकून थांबले.
ते दाराला कान लावून होते.
"आता नाही वाजत," मी म्हणाले.
"तवा बी वाजला असंल. म्या इंजिन चालू ठेवून
शिव्या देत व्हतो."

परतूरला, बसस्टँडच्या मागं,
भुजंग बोअरच्या मोटारी भरून देतो.
बोटांवर वार्निश, कानाजवळ केस पांढरे.
मिस्त्रींनी पाना पुढं केला. बोलले नाहीत काही.
त्यानं घेतला, आकडे वाचले, पँटला पुसला.
"म्हणलं व्हतं ना, गाडीतच ऱ्हायला."
चहा सांगितला, तीन.
जरा वेळानं, न बघता: "तुमचा बिनसाखरेचा का?"

निघायच्या वेळी मी इंजिन चालू केलं
तसा तो दुकानातून परत आला,
मान तिरकी करून ऐकत राहिला.
"टायमिंग कुणी लावलं?"
"मी."
"दोन अंश मागं घ्या," म्हणाला, आणि स्वतःच वाकला.
डिस्ट्रिब्युटरच्या नटाला
तोच पाना लावला.

सांज झाली होती.
मिस्त्री चाचपडत पुढं आले, माझ्या हातातली टॉर्च घेतली
आणि धरली.
उजेड भलतीकडंच पडत होता, बॅटरीवर.
भुजंग अंधारात नट सोडवत राहिला.
त्यानं सांगितलं नाही. मीही नाही.