सूत

फर्स्ट शिफ्ट करून मी चारला पोहोचतो
सातपूरच्या खोलीवर. बूट काढायच्या आत
रेवती वही पुढे सरकवते.
अठ्ठेचाळीस छेद एकशे अठ्ठावीस,
अतिसंक्षिप्त रूप लिहा.

हे तर ओळखीचं.
कारखान्यातल्या जुन्या इंची व्हर्निअरवर
किती वेळा वाचलंय मी हे माप,
आणि बोडके मिस्त्रींचा गुद्दा पाठीत:
"एवढं लांबण कशाला लावतो? तीन सूत म्हण."

ती दोनाने भाग घालते. वर चोवीस, खाली चौसष्ट.
परत दोनाने. बारा, बत्तीस.
परत. सहा, सोळा.
अगं, सोळाने एकदाच घे की.
"मला सोळा एकदम दिसत नाही ना!"
बरोबर आहे. मलाही तो दिसायला
मिस्त्रींच्या हाताखाली दोन वर्षं गेली.

तीन छेद आठ.
पेन्सिल थांबते.
"पप्पा, एवढं सगळं काटलं,
मग ते गेलं कुठे?"

मी दिवसभर कापतो.
लेथखालचा ट्रे भरतो निळ्या, तपकिरी छिलक्यांनी,
शनिवारी भंगारवाला नेतो वजनावर.
कट जास्त लागला की जॉब गेला,
लोखंड परत चिकटत नाही.
आणि हिने चार वेळा कापलं,
चटईवर कण नाही पडला,
तीन सूत होतं ते तीन सूतच.

वरच्याकडे जे होतं ना, मी म्हणतो,
तेच खालच्याकडेही होतं. दोघांनी सोडलं.

तिला पटलं की नाही, कळत नाही.
मी कपाटातून दोडीच्या जमिनीचा कागद काढतो.
मागच्या बाजूला तलाठ्याने पेनाने मांडलंय
चुलते, आत्या, त्यांची पोरं, आणि माझ्यापुढे
सहा छेद अठ्ठेचाळीस.
या सहापायी तीन वर्षं
कोणी कोणाच्या पंगतीला बसलं नाही.
हे कर बरं.

सहा तिला एकदम दिसतो.
"एक छेद आठ. म्हणजे एक सूत, पप्पा!"

हो. एक सूत.

ती कागद उलटवते. छापलेलं वाचते:
वर गाव नमुना सात,
खाली गाव नमुना बारा.
दोनाने बघते, तिनाने बघते,
ओठ हलतात, साताचा पाढा, बाराचा पाढा.
"याला नाही जात. कशानंच नाही जात."

मी खाली बसतो, बुटाची नाडी सोडायला.