जादा तास

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी
घड्याळ एक तास मागे सरतं
आणि इसाल्मीत दुपारी चारलाच
तळ्याकाठी दिवे लागतात.

ओट्यावर माझा दवाखाना :
हेल्काला ड जीवनसत्त्वाचे पाच थेंब,
रैमोला गोळी. ती तो खिशात ठेवतो,
मला धुण्यात सापडते.
सासऱ्यांना काहीच नको.
"आमच्या वेळी मासे होते," म्हणतात,
आणि मासा ताटात तसाच.
हात थरथरतात, काटे निघत नाहीत,
हे ते बोलत नाहीत. मीही नाही.

सप्टेंबरात वेचलेल्या लिंगनबेऱ्या
नुसत्या पाण्यात बुडवून ठेवल्यात,
साखरेवाचून टिकतात वसंतापर्यंत.
आम्हाला मात्र
लोकरी मोजे लागतात, शनिवारचं सौना,
वेळेवर झोप,
आणि कुणीतरी रागे भरणारं.

अंधारात गाड्यांना दिसावं म्हणून
कोटांना चकाकत्या चकत्या टाचल्या :
हेल्काचा, रैमोचा, सासऱ्यांचा.
दोरा संपला.

हा जादा तास कुणाला द्यावा?
मी तो झोपेला दिला,
पहिल्यांदाच, पाठ फिरवून.

उठले तेव्हा सासरे दाराशी,
मांडीवर माझा कोट,
काळ्या कापडावर पांढरा दोरा,
टाके वाकडे, दोन जागी गुंता,
बोटाला रक्ताचा ठिपका.
त्यांच्या कोटावरची चकती
आता माझ्या बाहीवर.

"तास पुरला नाही," म्हणाले.

रात्री मी त्यांच्या माशातले
काटे काढून ठेवले,
ताट त्यांच्यापुढे सरकवलं.
ते जेवले.
खिडकीबाहेर पावसात बर्फ मिसळत होता.