पाकिटावरचा राजा

माझा बाप यावलला पोस्टमन.
हुसनाबाई तडवीचं पत्र आलं की
मला सायकलच्या दांडीवर बसवून
सातपुड्याच्या अंगाला न्यायचा,
कारण त्याचा चष्मा फुटका आणि तिला अक्षर नाही.
वाचणावळ ठरलेली : मूठभर शेंगा
आणि पाकिटावरचं तिकीट.

असा माझ्या वहीत एक राजा जमत गेला.

पहिल्या तिकिटावर तो नव्हताच.
त्याचा बाप होता,
आणि बापाच्या डोळ्यांवरून आडवी काळी पट्टी,
पट्टीखाली मुलाचं नाव.
लुकमाननं लिहिलं होतं :
माय, इथं रात्रीतून राजा बदलला.
म्हाताऱ्याला यंत्रांची धास्ती. गावात एकच सायकल होती,
ती तुरुंगात. पोरानं पहिल्या दिवशी तिला सोडवलं.
हुसनाबाई आमच्या सायकलकडे बघून हसली.
"अन् बापाचं काय केलं?"
पत्रात ते नव्हतं.

मग शाळा आली. निळ्या फ्रॉकमधल्या सात मुली,
मागे राजा, दाढी कोळशासारखी.
माझी शाळा सातवीला सुटली
तेव्हाही त्या सातजणी फळ्याकडे बघत होत्या.

मग रस्ता, दवाखाना,
मग समुद्राचं पाणी गोडं करणारा कारखाना,
ज्याचे पाइप लुकमान जोडत होता.
"खाऱ्याचं गोडं?"
हुसनाबाईनं कागद उलटा करून झटकला,
जणू मागून थेंब गळेल.
मे महिना. सूर नदीतून वाळू वाहत होती.
"त्या राजाले लिही, येक नळ इकडं."
मी लिहिलं. उत्तर आलं नाही.

एका पत्रात चार ओळी काळ्या केलेल्या.
उन्हात धरल्या, चिमणीवर धरल्या.
वर्षानं लुकमान सुट्टीवर आला, दार लोटून म्हणाला,
"तीन मास्तरांनी अर्ज दिला,
आमालेही इचारत जा म्हने. त्याच्याच शाळेतले मास्तर.
आता ते कुठं हायेत, कोनी बोलत नाही.
तसा वाईट नाही वं माय राजा.
समदं देतो. मांगू देत नाही."
ती कळण्याची भाकरी थापत होती.
"तुहा बापही तसाच होता,"
एवढंच म्हणाली, आणि भाकरी उलटली.

तिकिटं मोठी होत गेली, कडा सोनेरी.
विमानतळ. बँक. मनगटावर ससाणा.
लुकमानच्या फोटोत केस गेले, पाठीला बाक आला,
राजा मात्र पंचवीस वर्षं पस्तिशीचा.

शेवटच्या तिकिटावर
आभाळाकडे तोंड केलेली मोठी तबकडी.
घरोघर फोन दिले त्यानं,
आणि माझ्या वहीत यायचं त्याचं त्यानंच बंद केलं.
यावलच्या स्टँडवर बूथ झालं.
हुसनाबाई रिसीव्हर उलटा धरायची,
मीटर पळायचं, ती नुसती "हां... हां..."
माझ्या हातात काहीच येईना. शेंगाही नाहीत.

राजा गेला तेही फोनवरच कळलं.
पलीकडे लुकमान रडत होता, हमसून.
मास्तरांसाठी रडला होता का,
हे विचारायचं माझ्या ओठावर आलं होतं.
हुसनाबाईनं बराच वेळ ऐकून घेतलं,
मग म्हणाली,
"त्याची माय जिती हाये का रे?"

आता मी सावद्याला केळीच्या पॅकिंगला जाते.
फण्या धुवायच्या, पुसायच्या,
प्रत्येकीवर एक गोल स्टिकर, अंगठ्यानं दाबून.
परवा कंटेनर त्याच बंदराचा निघाला.
मुकादम ओरडत होता, वजन, वजन.
मी एक स्टिकर दाबला
आणि सवयीनं बोट कडेवरून फिरवलं.
दाते नव्हते.