तुटीसकट

हार्टलपूलला, समुद्राकडे पाठ केलेल्या एका गल्लीत
विल्फ गारबट जेवणाच्या टेबलावर घर बांधतो.
छप्पन्नात एक. म्हणजे माणूस अंगठ्याच्या पेराएवढा,
दार उभ्या काडेपेटीहून बुटकं,
दाराची मूठ म्हणजे मोहरीचा दाणा, काळा रंगवलेला.

चाळीस वर्षं त्यानं लोकांच्या कवळ्या घडवल्या.
खऱ्या वाटाव्यात म्हणून एक दात किंचित वाकडा बसवायचा,
हे तो कुणाला सांगत नसे.
त्याच कोरण्या आहेत, तोच मान वाकवलेला दिवा,
बोटांना तोच गुलाबी मेणाचा वास.
आता त्या मेणातून
नॉर्मंडीतल्या कुणा पाववाल्याचा दुधाचा जग निघतो, कानासकट.
कान दोनदा तुटला. तिसऱ्यांदा बसला.

जमिनीला कॉफी ढवळायच्या चपट्या काड्या,
स्टेशनवरच्या दुकानातून मूठ मूठ खिशात घातलेल्या,
रात्रभर चहाच्या पाण्यात भिजवलेल्या.
चुलीपुढे जरा जास्त काळ्या,
तिथं कुणीतरी रोज उभं राहत असणार.
उंबऱ्याची पायरी मधोमध झिजवायची: कानशीचे बारा हात.
"शंभर वर्षं," तो म्हणतो,
आणि भुसा फुंकरीनं उडवतो.

भिंतींना एनिडच्या खणातला अस्तराचा कागद,
बारीक निळी फुलं.
ती असती तर म्हणाली असती, एवढं कशाला?
छप्पर ठेवलं की कोण बघतंय?

तेच तर.
छप्पर ठेवलं की कोण बघतंय, म्हणून तो
मागच्या खोलीतल्या खाटेखाली
सपातांचा एक जोड ठेवतो.
डावी जरा तिरकी.

गुरुवारी मेथडिस्ट चर्चच्या मागच्या हॉलमध्ये युद्ध असतं.
किटलीपाशी चिठ्ठी: आपापले कप विसळून ठेवावेत.
सहा फूट बाय चार हिरवं कापड, वाळल्या शेवाळाची झाडं,
हवेत ओल्या कोटांचा वास.
समोर रॉक्सॅन पिंकनी, वय एकोणीस, गोदीवरून रात्रपाळी संपवून
तीनच तास झोपलेली.
ती आठ सैनिक पुढे सरकवते, छप्पर उचलते
आणि थांबते.

मांडलेलं टेबल. चार बश्या.
पाचवी फडक्यावर उपडी, वाळत.
चौकटीशेजारी पेन्सिलीनं केलेल्या उंचीच्या खुणा,
सगळ्यात खालची
तिच्या सैनिकाच्या पट्ट्यापर्यंत येईल न येईल.

"मशीनगनवाला कुठं ठेवू?" ती विचारते,
पाहुणीनं ओला कोट कुठं टांगू विचारावं तशी.
"नियमाप्रमाणे आठ मावतात," विल्फ म्हणतो.
नियमांत बश्या नाहीत.
ती त्याला खिडकीशी उभा करते,
श्वास रोखून, टेबलाला धक्का न लावता.

तिसऱ्या फेरीत विल्फच्याच तोफेला सहा पडतो.
वर आणखी एक सहा.
कोष्टक काढायची गरज नाही, दोघांनाही पाठ आहे.
रॉक्सॅन आपले आठ स्वतःच वेचते,
डबीत आडवे ठेवते.

आणि विल्फ पिशवीतून दुसरं घर काढतो:
तेच, पडलेलं.
तीच निळी फुलं, अर्ध्यात फाटलेली, तोच जग, कान नसलेला.
याला पहिल्याहून सहा आठवडे जास्त लागले,
कारण चांगली खुर्ची मोडून चालत नाही.
या मापाला लाकूड खोटं मोडतं.
मोडकी खुर्ची मोडकीच घडवावी लागते,
एकेक पाय, तुटीसकट.

रॉक्सॅन वाकून बश्यांचे तुकडे मोजते.
"खुणा?"
"ती भिंत राहिली," तो म्हणतो. "तेवढी ठेवली."

मागच्या खोलीत खाट तुळईखाली चेपलेली आहे.
खाटेखाली काही नाही.
तिथं आधी काय होतं ते तिनं पाहिलंच नव्हतं,
त्यामुळे काय गेलं ते तिला कळत नाही,
आणि तो सांगत नाही
की घाईत का होईना,
पायात घालायला कुणाला तरी वेळ मिळाला.

"तुझी पाळी," ती म्हणते.
तो फासे उचलतो.