खोली

सरकी भरायच्या खोलीत मी रंग मांडते.
पळसाची फुलं रात्रभर भिजली,
सकाळी घाटंजीच्या बाजारातली तुरटी पडली
तसं पाणी हट्टानं पिवळं झालं.
बिब्बा काडीनंच घ्यायचा.
मागच्या साली मनगटावर उतला,
तो डाग चित्रांपेक्षा टिकला.

धावड्याच्या डिंकात कालवून
वावराची माती कापडावर थापली.
वाळताना तडकली.
तडे मी बुजवले नाहीत.

उरकुडाजी टेकाम फोन चार्जिंगला लावायला आले.
काय हाय, असं नाही विचारलं.
वरच्या काळ्यावर बोट ठेवलं,
"हे दोन हात."
त्याखाली, "हा मुरूम. लय खडखडते."
पिवळ्यापाशी रेंगाळले.
"चोपन. अठी दोर बदलावा लागते."

(ते पिवळं म्हणजे माझी मार्चातली एक दुपार होती.
बोलले नाही.)

साठ विहिरी खणलेला माणूस
चित्रात उतरत होता
आणि मी काठावर, चपला घालून.

गुडघ्यांवर बसले.
कापड संपतं तिथं तळवा टेकवला,
बराच वेळ.
"पानी नाई लागलं, बाई."
"नाही."
"मंग थांबली काहून?"

सतरा टक्क्यांवरच फोन काढून गेले.

तांब्यातलं पिवळं दुपारपर्यंत मळकट झालं.
त्यातच बोट बुडवलं
आणि कापडाच्या कडेवरून खाली,
शेणानं सारवलेल्या जमिनीवर
एक रेघ नेली.