बेचाळीस सालची चकती

नेब्रास्कात, सलीन काउंटीच्या जत्रेच्या मैदानावर
एरवी ज्या शेडमध्ये डुकरांची वजनं होतात
तिथे वर्षातून दोनदा माझं टेबल लागतं.
सातवं. खांबाच्या आड.

माझा माल सगळा रेडिओचा.
रेडिओने सांगितलेला, टपालाने आणलेला:
ओट्सच्या डब्याचं झाकण कापा, दहा सेंटचं नाणं पुठ्ठ्याला चिकटवा,
पत्ता सुवाच्य लिहा, तीन आठवडे थांबा.
तीन आठवडे कधीच तीन नसत.
पोरं रोज टपालपेटीपर्यंत जात
आणि हात खिशात घालून परत येत,
जणू दुसऱ्याच कामाला गेली होती.

अंधारात चमकणारी अंगठी आहे. आता चमकत नाही.
शिट्टी आहे, जी फक्त कुत्र्यालाच ऐकू येते
असं निवेदकाने छातीठोकपणे सांगितलं होतं.
मी वाजवून पाहिली. कुत्र्यालाही येत नाही.
एक नकाशा आहे, त्याच्यावर जेलीचा डाग.
डागामुळे किंमत निम्मी.
घरी नेऊन सगळ्यात जास्त वेळ मी तो डागच पाहिलाय.

ती आली तेव्हा मी सॅन्डविच खात होतो.
ऐंशी कधीच ओलांडलेली, पायात पुरुषी बूट.
‘बार्नी स्लेट,’ म्हणाली, ‘टपाल-वैमानिक. सांकेतिक चकती.
बेचाळीसची आहे?’
आहे म्हटलं. एक्केचाळीसचीही आहे, पितळी, सुरेख.
‘ती नको. ती होती आमच्याकडे.’

जाणकार होती. बेचाळीसात पितळ लढाईवर गेलं,
म्हणून त्या सालची चकती पुठ्ठ्याची,
म्हणून फाटली, भिजली, चुलीत गेली,
म्हणून आज एकशे चाळीस डॉलर.
आकडा ऐकून तिने मान हलवली,
दुसऱ्याच्या गावचं हवामान ऐकावं तशी.

‘विकत नको. दहा मिनिटं वापरायला द्याल?’

पर्समधून वहीचं एक पान काढलं,
घडीवर झिजून दोन तुकडे झालेलं.
आकडेच आकडे, पेन्सिलचे, पोराच्या हातचे.
‘लाडाचे,’ म्हणाली. ‘माझा भाऊ.’
शुक्रवारी बार्नी आकडे सांगायचा, लाडा उतरवायचा.
छपरावर पवनचक्की, तिच्यावर बॅटरी, बॅटरीवर रेडिओ.
वारा पडला की बार्नीही पडायचा.
त्या वर्षी चकतीचे दहा सेंट वडिलांनी दिले नाहीत.
दिले नाहीत, की नव्हते, ते ती बोलली नाही.
तरी लाडा आकडे उतरवत राहिला.
चकती कधीतरी येईलच की.

मी माझी घडीची खुर्ची दिली.
ती एकेक आकडा जुळवत बसली,
चकती फिरवताना पुठ्ठा उंदरासारखा कुरतडत होता.
दहाची वीस मिनिटं झाली. एक गिऱ्हाईक निघून गेलं.
एकदा ती स्वतःशीच हसली.
एकदा म्हणाली, ‘इथे वारा पडला बघा,’
आणि पानावरची रिकामी जागा दाखवली,
मग तीन आकडे, मग पुन्हा काही नाही.

मी विचारलं नाही काय निघालं.
आता वाटतं, विचारायला हवं होतं.
मग वाटतं, बरं झालं.

उठताना तिने चकती दोन्ही हातांनी परत ठेवली,
शेजारी एक नाणं.
दहा सेंट.
‘टपालखर्च धरून,’ म्हणाली,
आणि खांबाला वळसा घालून गेली.

चकतीचा बाण एका अक्षरावर थांबला होता.
मी तिला हात लावला नाही, तीन वाजेपर्यंत.
तीनला ओमाहाचा एक दंतवैद्य आला, घासाघीस केली,
एकशे दहाला घेऊन गेला.
खोटं का सांगू, त्या महिन्याचं भाडं निघालं.
पैसे मोजून होण्याआधीच
त्याने अंगठ्याने चकती गरागरा फिरवली,
चालते का बघायला.

नाणं विकायला नाही.
सातव्या टेबलावर ते जेलीच्या डागावर ठेवलेलं असतं,
नकाशा वाऱ्याने उडू नये म्हणून.